हाक मोजता, ओ कधी मोजणार?

आमच्या बागायत कंपनीच्या संचालक मंडळास आणि शहरातल्या कचेरीतल्या सर्व मॅनेजरसाहेबांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काजूच्या वजनकाट्याच्या शेडीत एक कागद चिकटवला गेला. इंग्रजीत होता. माझ्या मुलीने घरी फोटोवरून वाचून त्याचा अर्थ सांगितला. १ जूनपासून प्रत्येक मुकादमाला दर महिन्याला ‘संवाद गुण’ मिळणार आहेत. रोज ग्रुपवर किमान दहा संदेश टाकायचे, त्यांतले चार फोटोसकट. कचेरीचा संदेश आल्यापासून पंधरा मिनिटांत उघडायचा. आठवड्याला दोन बैठका घ्यायच्या आणि सह्यांचा कागद पाठवायचा. गुण साठाच्या खाली गेले तर चतुर्थीच्या बोनसात कपात.

या कागदावर माझे म्हणणे मी आधी लिहूनच दिले होते. कचेरीत पोहोचते केले, पोच घेतली. आज सतरा दिवस झाले, होय नाही काहीच कळलेले नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. गोव्यात, आणि पलीकडे सिंधुदुर्गातही, आता मोठमोठ्या बागायती कंपन्यांच्या हातात आहेत. आमच्याकडे आज आलेला कागद उद्या त्यांच्याही शेडीत चिकटेल.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. या बागेत माझी एकोणीस वर्षे गेली. आधी बिया वेचल्या, मग हजेरी लिहिली, गेली सात वर्षे मुकादम आहे. हंगामात माझ्या हाताखाली चाळीसेक माणसे असतात. त्यांत आमच्या वाड्यावरच्या बायका आहेत, बेळगावकडचे कानडी बोलणारे गडी आहेत, आणि झारखंडातून आलेली मुले आहेत, ती आपसात सादरी बोलतात. संवाद म्हणजे काय हे मी कागदावर शिकलेले नाही. पण निरोप न पोहोचल्याने काय होते ते मी पाहिले आहे, आणि त्यातले एक माझ्या घरात घडले आहे.

त्याआधी वडिलांची एक गोष्ट सांगते. ते एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कुळागरात पाणी लावायचे. वर तळी, खाली पोफळी, केळी, मिरवेल, आणि मधून उतरत गेलेला पाट. तळीचे तोंड उघडण्याआधी ते खाली हाक घालत. खालून ओ आल्याशिवाय तोंडाला हात लावत नसत. पाटात कोणी गाळ काढायला वाकलेला असायचा, कधी नुकती लावलेली रोपे असायची. एकदा वारा उलटा होता. त्यांनी तीन हाका घातल्या, ओ आला नाही. तेव्हा ते स्वतः खाली उतरले, पाट पाहून आले, पुन्हा चढले आणि मगच पाणी सोडले. मी लहान होते, भूक लागली होती, म्हणून त्यांच्यावर रुसले होते. तुमच्या कागदावर त्यांना तीन हाकांचे गुण मिळाले असते. ते उतरून गेले, त्याला त्या कागदात रकानाच नाही.

माझा मोजमापाला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. बाग मोजूनच चालते. बिया काट्यावर जातात, मोरचूद आणि चुना तोलून घेतात, पोफळीचे घोस मोजतात. आणि आपली बाग मोठी आहे. कचेरी शहरात, झाडे तीन डोंगरांवर, मधे मॅनेजर, सुपरवायझर, मुकादम अशा पायऱ्या. वरचा शब्द खाली येईपर्यंत गळतो आणि खालचा शब्द वर जाताना अर्ध्या वाटेत थांबतो. कोठे गळतो, कोठे थांबतो, हे कोणीतरी मोजायलाच हवे. माझे भांडण काय मोजायचे यावर आहे.

पहिली तक्रार माकडाची आहे, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

माकडताप आमच्या भागाला नवा नाही. हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात. २०१५ साली तो आमच्या सत्तरीतल्या पाली गावात आला आणि काजूच्या बागांत काम करणारी माणसे अंथरुणाला खिळली. पुढच्या वर्षी सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यात तेच झाले. रोग गोचिडीतून येतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. आणि काजूच्या हंगामात आमच्या बायका दिवसभर त्याच पाचोळ्यात हात घालून बिया वेचतात. म्हणून जंगलाकडेला मेलेले माकड दिसले, की ती जागा त्याच दिवशी बंद करायची, आरोग्य खात्याला कळवायचे, आणि माणसांना हातापायांना लावायचे तेल द्यायचे. यात एकेक दिवस मोलाचा असतो.

काही हंगामांपूर्वी आपल्या वरच्या डोंगरावर झारखंडच्या एका मुलाला मेलेले माकड दिसले. त्याने त्याच्या मुकादमाला सांगितले. मुकादमाने फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, ‘वरच्या सड्याकडे माकड मेले आहे, काय करायचे?’ तो संदेश कचेरीतल्या सगळ्यांनी उघडला होता. निळ्या खुणा मी नंतर स्वतः पाहिल्या. उत्तर कोणीच दिले नाही. त्या संदेशाखाली त्याच दिवशी चुडतांच्या गाडीचा फोटो आला, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, आणि माकड वर सरकत दिसेनासे झाले. सहा दिवस त्या डोंगरावर वेचणी चालू राहिली. वेचणाऱ्यांत माझी जाऊ होती.

तिला ताप आला तो उन्हाचा असेल म्हणून आम्ही दोन दिवस घालवले. डोके असे दुखत होते की ती भिंतीला टेकवून बसायची. मग हिरड्यांतून रक्त आले. सरकारी रुग्णालयात नेले, रक्त तपासले, तेव्हा माकडताप म्हणून कळले. ती वाचली. पण पुढचे चार महिने तिच्याने कळशी उचलवली नाही, आणि त्या हंगामाची तिची मजुरी बुडाली. तो मुकादम आजही मला म्हणतो, ‘मी कळवले होते गे.’ आणि ते खरे आहे. तुमच्या नव्या कागदाप्रमाणे त्याला संदेशाचा गुण, फोटोचा गुण, असे सगळे मिळाले असते. कचेरीलाही संदेश वेळेत उघडल्याचे गुण मिळाले असते. सगळ्यांचे गुण भरले असते आणि माझी जाऊ तशीच आजारी पडली असती.

संचालकसाहेब, संदेश उघडणे म्हणजे ओ देणे नव्हे. त्या दिवशी एकच गोष्ट मोजायची होती. ‘काय करायचे’ या प्रश्नापासून ‘हे करा’ या उत्तरापर्यंत किती वेळ गेला? ती आजही कोणी मोजत नाही.

दुसरी तक्रार पोफळीच्या कोळे रोगाची. बागायतदाराला हे सांगायला नको, पण हे पत्र बाहेरची माणसेही वाचतील म्हणून लिहिते. पावसात पोफळीच्या हिरव्या सुपाऱ्या कुजून गळतात, तो कोळे रोग. त्यावर उपाय पाऊस लागण्याआधी. एक टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची, पहिली फवारणी घोसांवर नीट बसली पाहिजे, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. आमच्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराशी येतो. म्हणजे मेअखेरीस एक दिवस चुकला तर तो नंतर भरून काढता येत नाही.

एका वर्षी चुना कमी आला. मुकादमाने कळवले. खरेदीचा कागद कोणाच्या सहीसाठी अडला आहे, हे त्याला चार दिवस कोणी सांगितले नाही. ‘येतो आहे’ नाही, ‘येणार नाही’ नाही, ‘तू बाजारातून घे’ही नाही. चौथ्या दिवशी वरून इंग्रजीत एक ओळ आली, की एक टक्का फवारणी सर्व भागांत ताबडतोब सुरू करा. टोळीत कानडी गडी होते आणि दोन नवी मुले होती. एक टक्का म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, हे जुन्या माणसाला ठाऊक असते. लोखंडी पिंपात करायचे नाही, हेही. नव्या मुलाला ‘एक टक्का’ हा फक्त आवाज असतो. त्यांनी मोरचूद पूर्ण घातला आणि चुना होता तेवढा घातला. लोखंडी सुरी बुडवून पाहायची, तांब्याचा थर चढला तर चुना कमी आहे, एवढी साधी परीक्षा त्यांना कोणी दाखवली नव्हती. काही घोस करपले. उरलेल्या भागात फवारणी पोहोचायच्या आधी पाऊस लागला. जुलैत त्या कोपऱ्यात पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला होता. मी त्यातून चालत गेले आहे, पायाखाली त्या बिलबिलीत लागतात. आणि सभेत दोष कोणाला दिला गेला? त्या टोळीला.

निरोप कोणत्या भाषेत दिला, हे मोजा. ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या तोंडाने परत सांगितला का, हे मोजा. फवारणीच्या सकाळी टोळीतल्या कोणत्याही तिघांना उभे करून विचारा, की किती पाणी, किती चुना, कोणत्या भांड्यात, वारा सुटला तर काय करायचे. तिघांनी सांगितले तर निरोप पोहोचला. एकालाही अडले तर चूक त्याची नाही, निरोप देणाराच कमी पडला. यासाठी फोन लागत नाही, दहा मिनिटे लागतात.

तिसरी तक्रार काजूवरच्या फवारणीची. पालवी फुटते तेव्हा, मोहोर येतो तेव्हा आणि फळ धरताना ढेकण्या या किडीवर औषध मारावे लागते, हे मला मान्य आहे. पण कोणत्या दिवशी, कोणत्या भागात, कोणते औषध आणि त्यानंतर किती दिवस तिथे जायचे नाही, हे झाडाखाली जाणाऱ्या बाईला आधी कळले पाहिजे. गेल्या हंगामात दोनदा आमच्या बायका ओल्या झाडांखाली पोहोचल्या आणि वासावरून त्यांना कळले. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून ते किती जहाल आहे हे अक्षर न येणाऱ्यालाही समजते. तो रंग त्यांना कोणी शिकवलेला नाही. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले, आणि खालच्या गावांतल्या माणसांनी ते भोगले. त्या औषधावर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली ती १३ मे २०११ रोजी, फवारे थांबून दशक उलटल्यावर. तिथली माणसे आजाराविषयी कधीपासून सांगत होती. आपली बाग त्या वाटेवर आहे असे मी म्हणत नाही. खालून आलेले शब्द वर कोणी ऐकले नाहीत तर केवढी किंमत पडते, एवढेच दाखवते.

बाकीचे थोडक्यात. वरच्या दोन भागांत फोनला रेंज नाही. पंधरा मिनिटांत संदेश उघडायचा तर मुकादमाने टोळी सोडून टेंबावर चढायचे, आणि तेवढ्यात खाली कोणाला साप चावला तर? मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले होते, नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी ओतत होती, तेव्हा आपल्या कुंपणापलीकडच्या धुराची बातमी एक मुलगा धावत घेऊन आला होता. धावणाऱ्या मुलाच्या भरवशावर एवढी बाग राहू नये. आणि काट्यावरचा दर. बियांचा किलोचा दर बदलला की तो वेचणाऱ्यांना शनिवारी पैसे हातात आल्यावर कळतो. हाही निरोपच आहे.

आता या नव्या गुणांनी काय होईल ते सांगते, कारण ते आताच दिसू लागले आहे. कागद चिकटल्यापासून ग्रुपवर फोटोंचा पूर आला आहे. झाडाखाली हसणाऱ्या टोळ्या, भरलेल्या गोणी, झाडलेली शेड. कोणालाही वाईट बातमी टाकायची नाही, कारण वाईट बातमी टाकली की फोन येतो आणि पहिला प्रश्न ‘हे तुझ्याकडेच कसे झाले?’ असा असतो. एखादे मेलेले माकड या फोटोंखाली पूर्वीपेक्षा लवकर गाडले जाईल.

माझी मुलगी शेतकी शिकते. तिने मला डेमिंग नावाच्या अमेरिकन माणसाबद्दल सांगितले. कारखाने सुधारायचे त्याने चौदा मुद्दे सांगितले, त्यांतला आठवा मुद्दा असा, की माणसांच्या मनातली भीती घालवा. जपानात टोयोटाच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असायची म्हणे. काही चुकते आहे असे वाटले की त्याने ती ओढायची, आणि वरचा माणूस लगेच त्याच्याजवळ चालत यायचा. ओढणाऱ्याला दंड नसायचा. हे ऐकून मला तळीवरचे वडील आठवले. आपल्या बागेत ती दोरी नाही. ग्रुप आहे, पण तो ओढला तर वरून कोण येणार आणि किती वेळात, हे कोणी ठरवलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या. मी एकटीच्या मनाने लिहिलेल्या नाहीत. तीन डोंगरांवरचे नऊ मुकादम दोन रविवार माझ्या ओट्यावर बसून बोलले, आणि टोळ्यांतल्या माणसांना विचारून आले.

१ जूनपासूनचे संवाद गुण थांबवा, आणि चतुर्थीच्या बोनसाशी त्यांचा संबंध कायमचा तोडा.

त्याऐवजी खालून आलेल्या प्रत्येक प्रश्नाची वेळ आणि त्याला मिळालेल्या उत्तराची वेळ एका वहीत लिहा. जिवाच्या धोक्याला एका तासात उत्तर, पिकाच्या प्रश्नाला त्याच दिवशी, मजुरीच्या तक्रारीला आठ दिवसांत. ‘अजून ठरलेले नाही, परवा सांगतो’ हेही आम्ही उत्तर धरू. पण काहीतरी उत्तर द्या. गप्प राहू नका. आणि ही वही आधी कचेरीची तपासा, मुकादमांची नंतर. ज्याच्या हातात उत्तर आहे त्याचे मोजमाप आधी व्हावे.

फवारणी, आग आणि आजार या तीन गोष्टींचे निरोप मराठी-कोंकणी, कानडी आणि हिंदीत तोंडी द्या, आणि तिघांना परत विचारायची जी रीत मी वर लिहिली ती लागू करा. सादरी बोलणाऱ्या मुलांतला एकजण आम्ही निवडून देतो, त्याला त्या कामाचे पैसे द्या. किती टोळ्यांत तिघांनीही बरोबर सांगितले, तो आकडा दर महिन्याला काट्याच्या शेडीत फळ्यावर लिहा आणि वाचून दाखवा.

ज्या भागात औषध मारले तिथे तारखेसह पाटी लागल्याशिवाय आणि वेचणाऱ्या टोळीचा होकार आल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नका.

वाईट बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याला कोणतीही कपात नाही, हे लेखी द्या. थोडक्यात टळलेले अपघात वेगळे मोजा. असे जास्त कळू लागले तर बाग बिघडली असे समजू नका, माणसे बोलू लागली असे समजा.

रेंज नसलेल्या दोन भागांना वायरलेस सेट द्या. ते मिळेपर्यंत त्या मुकादमांना फोनच्या वेळेचा कोणताही नियम लावू नका.

बियांचा दर बदलायच्या आदल्या दिवशी तो काट्यावर लिहा.

यातली एकही गोष्ट महाग नाही. वायरलेस सेट सोडले तर बाकीच्यांना वही, फळा आणि थोडा वेळ लागतो. कचेरीतल्या कोणाशी माझे वैर नाही. कित्येकजण रात्री दहालाही फोन उचलतात, हे मी जाणते. जाऊ आजारी असताना एका मॅनेजरने स्वतःच्या गाडीतून तिला नेले होते, ते आमचे घर विसरणार नाही. पण चांगल्या माणसाला बातमी उशिरा कळली तर त्याच्या चांगुलपणाचा कोणाला उपयोग होत नाही.

मेअखेरीस पोफळींची पहिली फवारणी सुरू होईल. मोरचूद आला आहे. चुन्याबद्दल मी सोमवारी विचारले आहे, अजून उत्तर नाही. फवारणीच्या आधी तुमच्यापैकी कोणीतरी एकदा शेडीत यावे. आम्ही सकाळी सातपासून तिथे असतो. येताना चुन्याचे काय झाले ते सांगावे.

आपली,
वरच्या डोंगरावरची मुकादम
सत्तरी, गोवा